आधी यादी, मग निबंध

मुलांना लिहायला शिकवायचं म्हटलं की आपल्याला आठवतो तो निबंध. 'माझी गाय', 'माझी शाळा'. दहा ओळी फळ्यावर, त्याच दहा ओळी सगळ्यांच्या वह्यांत. यादी, चिठ्ठी, पावती, जाहिरात हे सुद्धा लेखनच, पण त्याला मान मिळतो दहावीच्या पेपरात, 'उपयोजित लेखन' म्हणून, गुणांपुरता.

आमच्या जुन्नर भागातलं जुनं लेखन पाहा. नाणेघाटाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे. नागनिका राणीचा म्हणून तो ओळखला जातो. त्याचा मोठा भाग म्हणजे चक्क यादी : कोणत्या यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, तेही आकड्यांत. मागच्या भिंतीवरचे पुतळे फुटले, पण त्यांच्या वर कोरलेली नावं राहिली. ही झाली पाटी. जुन्नरच्या लेण्यात इरिल नावाच्या यवनानं पाण्याच्या दोन पोढी दान दिल्याची नोंद आहे. ही पावतीच म्हणा ना! कोण वाचणार, कशासाठी वाचणार, यावर लेखनाचं रूप ठरतं.

आंबेगावच्या पश्चिमेकडच्या एका शाळेत तिसरीच्या मुलांना निबंध सांगितला, तर पेन्सिली थांबल्या. मग म्हटलं, "हिरडा गोळा करायला जाताना काय काय नेता, तेवढंच लिहा." एका मुलीनं लिहिलं : भाकरी, पाणी, पिशवी, आजी. मी विचारलं, "आजी कशाला गं?" ती सांगू लागली. "आता हेच लिही," म्हटलं. सात ओळी झाल्या. फळ्यावरून उतरवलेली त्यात एकही नव्हती. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या त्या दिवशी मी पाहिल्या नाहीत.

आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी. चौथीत असताना अम्मीनं मुंबईच्या भाईला पत्र लिहायला बसवलं. मी शाळेतला मायना घातला : तीर्थरूप भाईस शिरसाष्टांग नमस्कार. वाचून दाखवल्यावर अम्मी म्हणाली, "सलाम किधर है?" नमस्काराशेजारी जागा शोधून मी सलामही लिहिला. पुढे ती दखनीत सांगत गेली, मी मराठीत लिहीत गेलो : पाऊस, कांद्याचा भाव, शेळी व्याली. भाईच्या उत्तरात मायन्याबद्दल अवाक्षर नव्हतं. करडं किती झाली, एवढंच त्यानं आधी विचारलं होतं. ते लिहायचं मी विसरलो होतो.