तीन चमचे गाळ

एका छोट्या तळ्याच्या काठचा, पाण्याखालचा तीन मोठे चमचे गाळ चार्ल्स डार्विनने घरी आणला. वाळल्यावर त्याचं वजन भरलं जेमतेम १९० ग्रॅम. तो त्याने अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि उगवेल ते रोप उपटून मोजत राहिला. सहा महिन्यांत किती रोपं निघाली असतील? ५३७! चहाच्या कपात मावेल एवढ्या चिखलात! १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने हा हिशेब देऊन ठेवला आहे.

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटसारख्या गावात जुनं तळं उकरायचं ठरतं, तेव्हा हा कप आठवायला हवा. गाळ शेतात गेला की जमीन सुधारते, हे खरंच. पण तळं ताटासारखं खरवडून काढलं, तर शेकडो वनस्पतींचं बियाणंही ट्रॉलीत बसून निघून जातं. म्हणून यंदा अर्धं तळं उकरावं, उरलेलं पुढच्या वर्षी. काठाचा एक पट्टा तर हात न लावता तसाच राहू द्यावा.

तळ्याचं खरं वैभव खोलीत नसून काठात असतं. उभ्या कडांच्या खड्ड्यात पाणी पुष्कळ मावतं, पण तिथे पक्षी उतरणार कुठे? काठ लांबवर उतरता ठेवला, की हिवाळ्यापासून पाणी मागे सरकताना रोज ओल्या चिखलाची नवी पट्टी उघडी पडते. त्यात किडे, अळ्या, गोगलगायी. त्यांच्यामागे शेकाट्या, तुतवार, धोबी, बगळे. एक बाजू मात्र मुद्दाम उभी, मातीची असू द्यावी. खंड्या अशा दरडीत बीळ कोरून घर करतो.

आणि जवळच एक उथळ डबकं हवं, उन्हाळ्यात पार आटणारं. आटणं हा त्याचा दोष नाही. आटतं म्हणून त्यात मासे टिकत नाहीत आणि मासे नसतात म्हणून बेडकांची पिल्लं जगतात. पावसाळ्यात अंगणावर घिरट्या घालणारा भटका चतुर अशाच तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतो. दोन महिन्यांच्या आत त्याची पिढी पंख घेऊन बाहेर पडते. पाऊस सरला की हे चतुर समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असं अभ्यासक मानतात. शिवारातल्या डबक्याचा हा पसारा!

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर विदर्भाकडे पाहावं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गोंड राजांच्या काळापासूनचे हजारो मालगुजारी तलाव आहेत. मधल्या काळात ते गाळाने भरले, बेशरम या तणाने व्यापले. या तलावांचे अभ्यासक मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मासेमार ढिवर समाजाला सोबत घेऊन काही तलाव पुन्हा जिवंत केले. बेशरम उपटली, तळ नांगरला आणि स्थानिक पाणवनस्पती हाताने लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, हे ज्ञान ढिवरांकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं; कोणी विचारलंच नव्हतं. पाण्यात आधी वनस्पती आणि मग मासे, हा क्रम सरकारी योजनांनी अजून नीट गिरवलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचं काय? पाणी साठवायला ते उत्तम, जनावरांना मात्र सापळा. निसरड्या उतारावरून आत पडलेला कोल्हा किंवा ससा वर येऊ शकत नाही. कुंपण घालावं, आणि कोपऱ्यात जाड दोरांची जाळी पाण्यापर्यंत सोडावी. खर्च किरकोळ येतो.

काठावर करंज, जांभूळ, उंबर लावावेत, पण तळ्याभोवती सगळीकडे नाही. शेकाट्यासारख्या पक्ष्यांना मोकळा काठ लागतो.

कोरीट असो की दुसरं कुठलं गाव, उन्हाळ्यात जेसीबी येण्याआधी एक काम करा. तळ्याचा कुठला काठ उतरता ठेवायचा, कुठली बाजू उभी आणि कुठला पट्टा अजिबात उकरायचा नाही, हे फक्कीने आखून ऑपरेटरला दाखवा.