एक अंश, आठ आठवडे

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगतची ग्रेट बॅरिअर रीफ २,३०० किलोमीटर लांब पसरली आहे. सुमारे ३,००० लहानमोठ्या प्रवाळभित्तींची ही रांग. तिच्या संरक्षित सागरी उद्यानाचं क्षेत्रफळ ३,४४,४०० चौरस किलोमीटर. अख्खा महाराष्ट्र त्यात मावेल आणि वर जागा उरेल. या भित्ती बांधणारा प्रवाळजीव, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरांचाच असतो.

त्याची चिकाटी मोजायची तर पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावर जावं लागतं. तिथे १९५२ मध्ये शास्त्रज्ञांनी खोल छिद्र पाडलं. सुमारे १,४०० मीटर चुनखडक भेदल्यावर ज्वालामुखीचा खडक लागला. प्रवाळांना प्रकाश लागतो, म्हणून ते उथळ पाण्यातच भित्ती बांधतात. याचा अर्थ, तळ कोट्यवधी वर्षं खचत राहिला आणि प्रवाळ तेवढेच वर चढत राहिले. डार्विनने १८४२ मध्ये मांडलेला तर्क असा खरा ठरला.

या मेहनतीला बळ देतात पॉलिपच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवालं. प्रवाळाच्या एका चौरस सेंटिमीटरमध्ये त्यांच्या दहा लाखांहून अधिक पेशी असू शकतात, आणि पॉलिपच्या ऊर्जेचा ९० टक्क्यांपर्यंतचा वाटा त्याच पुरवतात. पाणी फार तापलं की ही भागीदारी तुटते. शैवालं बाहेर पडतात, प्रवाळ पांढरे पडतात (यालाच विरंजन म्हणतात) आणि उपासमार सुरू होते.

किती तापलं म्हणजे फार? सर्वांत उष्ण महिन्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा समुद्र एका अंशाने जास्त तापला आणि तसाच चार आठवडे राहिला, की विरंजनाचा धोका. आठ आठवडे राहिला, की मृत्यूचा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या जागतिक विरंजनात जगातल्या ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजन घडवू शकणाऱ्या उष्णतेची झळ बसली. १९९८ मध्ये हे प्रमाण २१ टक्के होतं.

प्रवाळ सावरतात, हेही मोजमापांतूनच कळतं. २०१६ आणि २०१७ चे विरंजनाचे तडाखे सोसूनही ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात २०२२ साली जिवंत प्रवाळांचं आच्छादन तोवरच्या नोंदींतलं सर्वाधिक होतं. पण झपाट्याने वाढणाऱ्या जातींनाही सावरायला साधारण दहा वर्षं लागतात. १९८० च्या सुमारास तीव्र विरंजन २५-३० वर्षांतून एकदा होई. २०१६ पर्यंत ते अंतर सहा वर्षांवर आलं होतं. ग्रेट बॅरिअर रीफवर तर २०१६ ते २०२५ मध्ये सहा वेळा व्यापक विरंजन झालं, आणि दक्षिण भागातलं आच्छादन एका वर्षात ३८.९ वरून २६.९ टक्क्यांवर घसरलं.

सावरण्याची ताकद प्रवाळांत आहे. त्यांना मिळत नाही ती उसंत. पृथ्वीची तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली तर ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती जातील, २ अंशांवर ९९ टक्क्यांहून अधिक, असा आंतरसरकारी हवामानबदल समितीचा (आयपीसीसी) २०१८ चा अंदाज आहे. नव्या भित्तींचं बीज उरेल की नाही, ते या अर्ध्या अंशावर ठरणार आहे. म्हणून अंशाचा दहावा हिस्सा वाचवणारी प्रत्येक कृती मोलाची आहे.