मागच्या गाडीची दुखणी

डिसेंबरच्या रात्री उंब्रजच्या सेवारस्त्यावर उभं राहिलं, की उसाची वाहतूक डोळ्यांआधी कानांना कळते. आधी ट्रॅक्टरवरचा टेप ऐकू येतो, मग इंजिनाचा ठोका. ट्रॅक्टर पुढे सरकला की मागून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. तो हूक आणि दांडीचा आवाज. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली, पहिली ट्रॉली आणि दुसरी ट्रॉली, अशा दोन सांध्यांवर ही सगळी गाडी एकत्र टिकून असते, आणि गतिरोधकावर दोन्ही सांधे एकामागून एक वाजतात.

उंब्रज हे कराड तालुक्यातलं, पुणे-बंगळूर महामार्गावरचं, तारळी आणि कृष्णेच्या संगमावरचं गाव. आजूबाजूला नदीकाठची उसाची जमीन. इथून कृष्णा ओलांडून मसूरच्या रस्त्याने यशवंतनगरचा सह्याद्री कारखाना गाठता येतो. पश्चिमेला पाटणच्या बाजूला मरळीचा लोकनेते बाळासाहेब देसाई कारखाना आहे, दक्षिणेला रेठरे बुद्रुकचा कृष्णा, उत्तरेला शेंद्र्याचा अजिंक्यतारा. त्यामुळे हंगामात इथल्या रस्त्यांवर ऊस चारही दिशांना जात असतो. पौषात पालच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा गळीतही ऐन भरात असतं. भंडारा खेळून परतणाऱ्या जीपा आणि कारखान्याकडे निघालेल्या ट्रॉल्या एकाच रस्त्यावर येतात.

या सगळ्या वाहतुकीत ट्रॅक्टरचं कौतुक होतं. त्याचे हॉर्सपॉवर चर्चेत असतात, त्याच्या काचेवर देवाचं आणि मुलांचं नाव असतं. खरा माल मात्र मागच्या गाडीत असतो. तिला चालक नाही, मीटर नाही, हॉर्न नाही. तिच्या हबमधलं बेअरिंग तापलं, टायरमधली हवा उतरली, पाट्याचं एखादं पान तुटलं, तरी पुढे बसलेल्याला काहीही कळत नाही. चालकाला जाणवतो तो फक्त ओढ कमी झाल्याचा किंवा वाढल्याचा फरक, आणि तोवर बहुतेकदा उशीर झालेला असतो. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या सगळ्या यांत्रिक दुखण्यांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

कायद्याने या जोडीची नीट दखल घेतली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॅक्टरची व्याख्याच अशी आहे, की जे वाहन स्वतः माल वाहण्यासाठी बांधलेलं नाही ते. मोटार वाहनाने ओढलं जाणारं ते ट्रेलर. ट्रेलरला स्वतःची नोंदणी लागते. ट्रॉलीचा क्रमांक तिच्या बाजूवर लिहायचा असतो, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीच्या पाठीमागे. कारण साधं आहे: मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही. दोन ट्रॉल्या आणि त्यांच्यावर रचलेल्या मोळ्या यांच्याआड तो पूर्ण झाकला जातो. ऊस बाहेर लोंबला की क्रमांकही झाकला जातो, आणि मागचे दिवेही.

ट्रॅक्टर येण्याआधी हा ऊस बैलगाडीतून यायचा, आणि काही भागांत अजूनही येतो. पुढे लाकडी चाकांच्या जागी रबरी टायर आले, टायरगाडी आली. मग लहान ट्रॅक्टरमागे तशाच गाड्या जोडून ‘अंगद’ आले. आजही कारखान्यांच्या तोडणी-वाहतूक यंत्रणेत ट्रक, ट्रॅक्टर, अंगद आणि बैलगाडी अशी वाहनांची वेगवेगळी मोजदाद होते. बैलगाडीचा वेग बैलाच्या पायाचा होता, आणि भार जास्त झाला की बैल थांबायचा. ट्रॅक्टर थांबत नाही. भार वाढवत नेण्याची सोय तिथून सुरू झाली.

आता ही मागची गाडी पुढून मागे तपासत जाऊ.

पहिली जागा हूक आणि पिन. ट्रॅक्टरच्या पाठीमागच्या हूकमध्ये ट्रॉलीच्या दांडीचं कडं बसतं आणि त्यातून वरून जाड पोलादी पिन खाली जाते. पिन उसळून वर येऊ नये म्हणून खाली लॉक असतं. हे लॉक हरवलं की कुणी तारेचा तुकडा वळून घालतो, आणि तीच तार हंगामभर राहते. भोक मूळचं गोल असतं. हजारो झटक्यांनी ते ओढीच्या दिशेने झिजून लंबगोल होतं, पिनही मधोमध बारीक होते. सांधा जितका सैल, तितका प्रत्येक झटका मोठा. सरळ ओढताना पिनवर येणाऱ्या ताणापेक्षा सैल सांध्यात बसणारा दणका कितीतरी जास्त असतो. म्हणून पिन चढावर ओढताना तुटण्याइतकीच गतिरोधकावर किंवा खड्ड्यातही तुटते. हूक आणि दांडी यांना जोडणारी जादा साखळी असेल, तर पिन निसटली तरी ट्रॉली मोकळी सुटत नाही. ती साखळी स्वस्त आहे आणि तरीही बऱ्याच गाड्यांना नसते.

दुसरी जागा चढ. दोन ट्रॉल्यांत मिळून पंधरा-वीस टन ऊस सहज भरला जातो. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण दोन-सव्वादोन टन. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर वीस टनांचा भार एक टनाच्या जोराने मागे खेचत असतो. नदीपात्रातून वर येणाऱ्या रस्त्यांना, पाणंदीतून डांबरीवर चढणाऱ्या तोंडांना असा चढ नेहमीचा. अशा वेळी ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलायला लागतं. पुढची चाकं जमिनीला नुसती टेकलेली असतील, तर स्टिअरिंग फिरवून उपयोग नाही. ओढ जर मागच्या अ‍ॅक्सलच्या उंचीपेक्षा वरून लावली असेल, तर ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका खरा होतो. म्हणूनच जाणकार चालक ओढ कायम खालच्या हूकवरूनच देतो आणि पुढे लोखंडी वजनं लावतो. चढावर साथीदार दगड हातात घेऊन ट्रॉलीच्या चाकाबरोबर चालत असतो, गाडी थांबली की तो दगड चाकामागे सरकवायला. कित्येक ट्रॉल्यांना चढावर धरून ठेवणारं दुसरं काहीच नसतं.

उतार याहून कठीण. चढावर ट्रॉली ओढते, उतारावर ती ढकलते. ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्या दोन चाकांना असतात, आणि डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळं पेडल असतं, कारण शेतात सरीच्या टोकाला जागच्या जागी वळावं लागतं. रस्त्यावर येताना ही दोन पेडलं कडीने एकत्र जोडायची असतात. कडी लावायची राहिली आणि घाईत एकाच पेडलवर पाय पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला गर्रकन वळतो आणि मागचा सगळा भार त्याला आडवा पाडतो. पेडलं जोडलेली असली तरी ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल, तर वीस टनांना थांबवायचं काम दोन टनांच्या यंत्राच्या दोन चाकांवर पडतं. वेग ताशी वीसवरून चाळीस झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते. डिझेल वाचवायला उतारावर गिअर काढणारा चालक इंजिनाचा आधारही सोडून देतो.

दोन ट्रॉल्यांची आणखी एक खोड आहे. मुलं एकमेकांचे सदरे धरून आगगाडी करून पळतात, तेव्हा पुढचं मूल थोडं वळलं तरी शेवटचं मूल दूर फेकलं जातं. शेवटच्या ट्रॉलीचं तसंच होतं. पुढे चालकाने खड्डा चुकवायला स्टिअरिंग थोडंसं हलवलं, तरी मागची ट्रॉली बरीच जास्त डोलते. वर उसाची रचलेली उंची असते, त्यामुळे वजनाचा मध्य वर गेलेला असतो. दुचाकीवाला शेजारून पुढे जात असेल, तर त्याच्या अंगावर येते ती हीच शेवटची ट्रॉली.

चाकांत शिरलं की हब येतो. हबमधली बेअरिंगं ग्रीसवर जगतात. हंगाम संपला की ट्रॉली सहा-सात महिने उभी असते, पावसाचं पाणी सीलमधून आत जातं, ग्रीस पांढुरकं होतं. तशीच ट्रॉली दिवाळीनंतर भरली, तर बेअरिंग पहिल्या काही खेपांतच तापतं. त्याची परीक्षा सोपी आहे. खेप संपल्यावर तळहाताची मागची बाजू हबच्या जवळ न्यायची. बाकीचे हब कोमट आणि एक चटका देणारा असेल, तर त्या हबचं काम निघालं आहे. ते पुढे ढकललं, की बेअरिंग अ‍ॅक्सलला चिकटतं आणि एखाद्या रात्री चाक अ‍ॅक्सलपासून सुटून पुढे पळतं. टायरचंही तसंच. बऱ्याच ट्रॉल्यांना ट्रकचे उतरवलेले किंवा रिमोल्ड टायर असतात. उन्हात उभे राहून त्यांच्या कडांना चिरा पडतात, आणि भरलेल्या ट्रॉलीखाली ते रस्त्याच्या मधोमध फुटतात. मग भरलेली ट्रॉली महामार्गाच्या कडेला रात्रभर उभी राहते, दिव्याशिवाय. तिच्यामागे येणाऱ्या वेगवान गाडीसाठी यापेक्षा मोठा धोका नाही.

हे सगळं फक्त उसाचं दुखणं आहे असंही नाही. अमेरिकेत मोटारहोम घेऊन फिरणारी कुटुंबं मागे आपली लहान मोटार जोडून नेतात. मुक्कामी पोचल्यावर बाजारहाटाला ती कामाला येते. तिथेही मागची गाडीच त्रास देते, आणि कारणं ओळखीची आहेत. मोटार चारही चाकांवर ओढली जात असते, तेव्हा तिचं इंजिन बंद असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल फिरवणारा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनावरच चालतो. चाकं फिरतात, गिअरबॉक्सचे आतले भाग फिरतात आणि तेल मात्र जागेवर राहतं. शेकडो किलोमीटरनंतर गिअरबॉक्स जळतो. म्हणून कोणती मोटार अशी ओढता येईल हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावं लागतं. जीप रँग्लरचा ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकता येतो, म्हणून ती तिथे लोकप्रिय आहे. होंडाची सीआर-व्ही २०१४ पर्यंत अशी ओढता यायची, पुढे गिअरबॉक्सची जात बदलली आणि ती सोय गेली. स्टिअरिंगचं लॉक उघडं राहावं म्हणून किल्ली फिरवून ठेवली, तर बॅटरी उतरते. मागच्या मोटारीचं टायर बसलं, तर अवजड मोटारहोमच्या चालकाला ते जाणवतही नाही. तिथल्या लोकांनी यावर उपाय शोधले: मागच्या गाडीचा ब्रेक दाबणारं स्वतंत्र उपकरण, जोड तुटली तर आपोआप ब्रेक लावणारा स्विच, टायरमधला दाब पुढे दाखवणारा पडदा, आणि आडव्या फुलीत बांधलेल्या दोन साखळ्या.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे अशा घरगाड्या इथल्या रस्त्यांवरही दिसतील. पण त्यांच्यामागे धडधाकट मोटार बांधून न्यायची मुभा आपल्या जुन्या नियमांत नव्हती. १९८९ च्या रस्ता नियमावलीनुसार नोंदणी केलेला ट्रेलर, साइडकार, बिघडलेली गाडी किंवा अर्धवट जोडलेली गाडी, एवढंच ओढता येत असे. बिघडलेली गाडी ओढताना वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत आणि दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या आत हवं, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला हवा, किंवा तिची वळणारी चाकं क्रेनने उचललेली हवीत, असं त्यात सांगितलं होतं. त्या चालकाचं काम सोपं नसतं. इंजिन बंद असलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं. महामार्गावर ऑटोमॅटिक गाडी बंद पडली, तर दोर शोधण्यापेक्षा १०३३ ला फोन करून ती सपाट पाठीच्या गाडीवर चढवणं शहाणपणाचं.

उसाच्या ट्रॉलीला मोटारहोमवाल्यांचे हे उपाय परके नाहीत. ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला ढकलू लागली, की दांडी थोडी आत सरकते आणि त्याच जोराने ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात, अशी साधी यांत्रिक रचना जगभर वापरात आहे. हवेच्या दाबावर चालणारे ट्रॉलीचे ब्रेक युरोपातल्या शेतीत नेहमीचे झाले आहेत. आपल्याकडे ट्रॉल्या मोठ्या प्रमाणात तालुक्याच्या गावांतल्या वेल्डिंगच्या शेडमध्ये बनतात. तिथले कारागीर तयार आहेत, लोखंड तयार आहे. ब्रेकचा खर्च मागणारं गिऱ्हाईक कमी आहे, कारण ट्रॉलीमालकाचा हिशेब खेपांवर चालतो. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही उतरतात. ऊसतोड टोळीच्या मुकादमाला दिलेली आगाऊ उचल हंगामात फेडून घ्यायची असते. रात्री दोनला वजनकाट्याच्या रांगेत उभ्या असलेल्या चालकाला हब तपासायची सवड कुणी ठेवलेली नसते.

कारखाने आणि परिवहन खातं हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना लाल परावर्तक पट्ट्या लावतात. त्यांचा उपयोग नक्कीच होतो, आणि ते काम दरवर्षी वाढायला हवं. पण पट्टी मागच्याला सावध करते, ट्रॉलीला थांबवत नाही. प्रत्येक कारखाना वाहतूकदारांशी हंगामाआधी करार करतो. त्या करारात ट्रॉलीचा ब्रेक, पिनचं लॉक, जादा साखळी आणि मागचा दिवा या चार गोष्टी लिहिल्या, आणि त्या बसवण्याचा खर्च उचलीतच धरला, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. भरलेली ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेला थांबतेच. वजनाची पावती निघेपर्यंतच्या वेळात एका माणसाला आठ चाकांच्या हबजवळ हात नेऊन पाहता येतो, दोन्ही पिनांखाली वाकून पाहता येतं, आणि ऊस बाजूला सारून दिवा लागतो का तेही.