नागरीकरण व ग्रामीण स्थलांतर

नगराचे वेगळेपण केवळ लोकसंख्येत नसून तेथील व्यवसायांच्या स्वरूपात असते. २०११ च्या भारतीय जनगणनेत नगरपालिका वा तत्सम संस्था नसलेली वस्ती नगर ठरण्यास किमान ५,००० लोकसंख्या, दर चौ. किमी.स किमान ४०० इतकी घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायांत असणे, या तीन कसोट्या होत्या.

अपुरी शेती, कर्ज व अवर्षण यांमुळे लोक गाव सोडतात. रोजगार व शिक्षण त्यांना शहराकडे खेचतात. मुंबईत १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातून (आजच्या सिंधुदुर्गासह) हजारो कामगार आले. तेथील जमीन डोंगराळ व तुकड्यातुकड्यांची असून भातशेती वर्षभर पुरत नसे. गाववाल्यांच्या ओळखीने काम मिळे, चाळीतील खोलीत अनेकजण एकत्र राहत व खाणावळीत जेवत. बायकामुले बहुधा गावीच असत आणि घरी मनीऑर्डर जाई.

या व्यवस्थेत शहराला श्रम मिळाले. परंतु कामगाराचे आजारपण, बेकारी व वार्धक्य यांचा भार मुख्यतः गावाने वाहिला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपात अनेक कामगार गावी परतले, ते याच आधारावर. २०११ मध्येही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुषांचे स्थलांतर हे त्याचे प्रमुख कारण होय.