बिनडोक्याची गिटार

गेल्या नवरात्राच्या तोंडावर बडोद्यातील एका जुन्या स्नेह्यांच्या घरी जाण्याचा आम्हांस योग आला. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आजींचा मिरजेचा तंबोरा नेहमीप्रमाणे गवसणीत उभा होता; परंतु त्याच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली वस्तू मात्र आम्ही पूर्वी पाहिली नव्हती. लांब दांडी, तीवर चार जाड तारा, आणि दांडीच्या टोकाला काहीच नाही. खुंट्या नाहीत, डोके नाही. जणू सुतार काम अर्धवट टाकून जेवायला निघून गेला होता.

"नातवाची गिटार आहे हो," आजी म्हणाल्या. "बिनडोक्याची. वाजवणाऱ्याला शोभते अगदी!"

नातू हसला. एका कारागिरास नकाशा काढून देऊन त्याने ही बास गिटार मुद्दाम करवून घेतली होती. तिची हकीकत त्याच्याकडून ऐकता ऐकता या वाद्याच्या चमत्कारिक घडणीविषयी आमचे कुतूहल वाढत गेले, आणि पुढे जे वाचले व ऐकले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

चित्रपटगीत ऐकताना शब्द आणि चाल आपल्या ध्यानात राहतात. पण ज्या घुमणाऱ्या खर्जावर ती चाल उभी असते, त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम पुरुषभर उंचीचे डबल बास करीत असे. ते वाहून नेणे कष्टाचे, आणि ढोल-तुताऱ्यांच्या गर्दीत त्याचा आवाज बुडून जाई. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय केलेले लिओ फेंडर यांनी १९५१ साली यावर तोड काढली. गिटारसारखी गळ्यात अडकवायची, विजेवर वाजणारी, चार तारांची बास त्यांनी बाजारात आणली. दांडीवर पडदे असल्यामुळे बोट नेमक्या स्वरावर पडे, म्हणून तिचे नाव प्रिसिजन, म्हणजे अचूक. स्वतः फेंडर यांना गिटार वाजविता येत नसे! तरीही चार तारा आणि चौतीस इंच लांबीची मोकळी तार हा त्यांनी घालून दिलेला साचा जगभर मान्य झाला, इतका की त्याहून वेगळे काही दिसले की वादक बिचकू लागले.

आणि तरीही साचा मोडण्याचा पहिला उद्योग वादकांनीच केला. बिल वायमन यांनी १९६१ मध्ये आठ पौंडांना एक स्वस्तातली बास घेतली, तिचे धड कापून लहान केले आणि नवे बसवावेत म्हणून जुने पडदे उपटून काढले. पडद्यांवाचून निघणारा नाद त्यांना इतका आवडला की नवे पडदे बसविण्याचे राहूनच गेले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस ते रोलिंग स्टोन्समध्ये दाखल झाले. फ्लोरिडात वाढलेले जॅको पास्टोरियस यांच्या १९६२ सालच्या फेंडर बासवरही पडदे नव्हते. ते त्यांनी स्वतः उपटले की उपटलेलेच वाद्य विकत घेतले, याविषयी त्यांच्याच तोंडच्या दोन कथा आहेत. पण उघडी लाकडी पट्टी तारांच्या घर्षणाने झिजते हे ध्यानी आल्यावर त्यांनी तिच्यावर होड्यांना लावतात ते इपॉक्सीचे रोगण चढविले, ही गोष्ट निश्चित. त्या कठीण पृष्ठावरून मिंड घेतली की बास गाऊ लागे. १९७६ साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाल्यावर कितीतरी तरुणांनी आपापल्या गिटारींचे पडदे उपटून पाहिले. त्यांतील बहुतेकांना आपला कान किती कच्चा आहे हे तेव्हा प्रथमच कळले असावे.

बिनडोक्याच्या बासचे जनक नेड स्टाइनबर्गर हे मात्र वादक नव्हेत. त्यांचा व्यवसाय खुर्च्या-टेबलांच्या रचना करण्याचा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ज्या कामशाळेत ते काम करीत, तेथेच स्टुअर्ट स्पेक्टर गिटारी घडवीत. शेजाऱ्याचे काम पाहता पाहता स्टाइनबर्गर यांनीही एक रचना करून दिली. पोटाशी नीट बसावी अशी बाक दिलेली ती बास १९७७ मध्ये तयार झाली. पण एक गोष्ट त्यांना खुपत राहिली. लांब दांडीच्या अगदी टोकाला धातूच्या चार जड खुंट्या. मग दांडी जमिनीकडे झुकणारच, आणि वादकाचा डावा हात स्वर धरण्याऐवजी दांडी तोलण्यात गुंतणार. त्यांनी खुंट्या खाली, घोडीच्या मागे आणल्या. खुंट्या गेल्यावर डोक्याचे कामच उरले नाही, तेव्हा तेही उडविले. लाकडी दांडी हवामानाने वाकते आणि तिच्यावरच्या एखाद्या जागी स्वर चटकन मरतो, म्हणून लाकूडही सोडून कार्बनचे व काचेचे तंतू इपॉक्सीत बसविले. धड उरले ते पेटीएवढे. हे वाद्य १९८० च्या सुमारास बाजारात आले, आणि 'टाइम' साप्ताहिकाने १९८१ सालच्या उत्कृष्ट रचनांत त्याची गणना केली.

वादकांचे मत मात्र दुभंगले. टोनी लेविन, गेडी ली, स्टिंग यांच्यासारख्यांनी ते वापरले. प्रत्येक स्वर सारख्या ताकदीने उठतो, वाद्य सुरातून उतरत नाही आणि खांदा दुखत नाही, हे त्याच्या बाजूने सांगितले जाई. उलट बाजूचे म्हणत की आवाज थंड आहे, त्यात जीव नाही. खांद्याचे दुखणे जुन्या बासच्या चाहत्यांनाही नाकारता येत नाही. पण आवाजाबद्दलचा त्यांचा आक्षेप आम्हांस अगदीच पोकळ वाटत नाही. तंबोऱ्याची जवारी लावताना आपण घोडीवर सुताचा दोरा सरकवीत बसतो, तो नाद गुळगुळीत व्हावा म्हणून नव्हे.

अँथनी जॅक्सन यांचे भांडण आणखी मुळाशी होते. बास ही गिटारच्या कुळातली, तेव्हा तिला सहा तारा असायला हव्या होत्या. फेंडर यांच्या डोळ्यांपुढे डबल बास होते म्हणून त्यांनी चार लावल्या, असे ते म्हणत. ब्रुकलिनचेच कारागीर कार्ल टॉम्प्सन यांनी १९७५ साली त्यांना सहा तारांची बास घडवून दिली. एवढ्यावर जॅक्सन यांचे समाधान झाले नाही. तारा एकमेकींना फार लगटून बसल्या आहेत, बोटे अडखळतात, ही त्यांची तक्रार. मग दुसरा कारागीर, पुढे तिसरा. नेहमीची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने देते. जॅक्सन यांची नवी तार ३१ च्या आसपास. एवढा खर्ज चौतीस इंचांत सैल पडतो, म्हणून त्यांच्या फोडेरा बासमध्ये तारेची लांबी छत्तीस इंचांपर्यंत नेली. रुंद दांडीचे हे धूड ते बसूनच वाजवीत. सुरुवातीला विक्षिप्तपणा वाटलेली सहा तारांची बास पुढे दुकानांतून सर्रास मिळू लागली.

आमच्या स्नेह्यांच्या नातवाला अजून ते सुख लाभलेले नाही. खांद्याचे दुखणे थांबले, प्रवासात बोजा हलका झाला, हे तो आनंदाने सांगतो. परंतु या वाद्याला दोन्ही टोकांस गुंडी असलेल्या तारा लागतात, त्या गावात मिळत नाहीत. एक तुटली की पंधरा दिवसांची खोटी. त्याहून वाईट म्हणजे गरब्याच्या एका ऑर्केस्ट्राच्या चालकाने त्याला सरळ सांगितले की नऊ रात्रींचे काम हवे असेल तर "बराबर" गिटार घेऊन ये, लोक हसतात. नऊ रात्रींची बिदागी सोडणे परवडण्याजोगे नव्हते. नवरात्रभर त्याने मित्राची जुनी फेंडर पद्धतीची बास गळ्यात घातली आणि दसऱ्याला खांदा शेकत बसला.

"मग ही कशाला केलीस?" आम्ही विचारले.

"घरी वाजवायला," तो म्हणाला. "हिच्यावर मला माझा हात ऐकू येतो."

आजींनी तोवर तंबोऱ्याची गवसणी काढली होती. त्यांची पट्टी काळी चार. नातवाने घोडीमागची खुंटी पिळून खालची तार त्या षड्जाला आणली, आजींनी दोनदा मान हलविली आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अजून जरा उतर."