जुन्या गाडीला नवे दिवे (लेखांक ५) : वाया जाणारी अर्धी लाट

पावसाळ्यात रात्री आंबोलीचा घाट उतरताना जुनी स्प्लेंडर एक गोष्ट हटकून करते. वळणावर क्लच दाबला, इंजिन आयडलिंगला आलं, की हेडलाइट मंद पिवळा पडतो. रेस दिली की पुन्हा उजळतो. धुक्यात वळण दिसायला हवं नेमकं तेव्हाच उजेड कमी. मग गाडीवाला बाजारातून एलईडी फॉग लाइटची जोडी आणतो, हँडलला मोबाइल चार्जर लावतो, आणि थोड्याच दिवसांत हॉर्न चिरकायला लागतो, इंडिकेटर अर्धवट पेटून राहतात.

मागच्या लेखांकात आपण बॅटरीची क्षमता पाहिली. त्यानंतर साहजिकच वाटतं, मोठी बॅटरी बसवली की प्रश्न सुटला. तो सुटत नाही. टाकी मोठी केली म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. बॅटरी वीज साठवते. तयार करतो तो मॅग्नेटो. म्हणून या आठवड्यात इंजिनाच्या डाव्या बाजूचं कव्हर उघडू.

कव्हरच्या आत क्रँकच्या टोकावर वाटीसारखा मॅग्नेट फिरतो आणि त्याच्या पोटात कॉइल प्लेट स्थिर बसलेली असते. लोहचुंबक कॉइलसमोरून फिरला की तारेत वीज तयार होते. तिची दिशा सतत उलटसुलट होते, म्हणजे ती एसी असते, आणि मॅग्नेट जितक्या वेगाने फिरेल तितका व्होल्टेज चढतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला चौदाशेच्या आसपास फेरे घेतं, रस्त्यावर चार-पाच हजार. हेडलाइट थेट या कॉइलवर चालत असेल, तर तो इंजिनाबरोबर मंद-तेज होणारच. हा बिघाड नाही, गाडीची रचनाच तशी आहे.

१९९४ साली आलेल्या स्प्लेंडरमध्ये आणि त्या काळातल्या अनेक शंभर सीसी गाड्यांत विजेची वाटणी अशी केलेली असते : एसी विजेच्या लाटेचा एक अर्धा भाग आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटमधून डीसी होऊन बॅटरीकडे जातो, दुसरा अर्धा भाग एसी म्हणूनच हेडलाइटला मिळतो. कॉइलचं एक टोक गाडीच्या बॉडीला अर्थ केलेलं असतं, म्हणून तारा कमी लागतात, युनिट स्वस्त पडतं. बॅटरी फक्त अडीच अँपिअर-अवरची. शिवाय इग्निशनसाठी मॅग्नेटोमध्ये वेगळी कॉइल असते, ती सीडीआयला, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या युनिटला, स्वतंत्रपणे वीज पुरवते. त्यामुळे बॅटरी पार मेली तरी गाडी किकवर सुरू होते. खेड्यापाड्यांत, जिथे बॅटरी बदलायला तालुक्याला जावं लागायचं, तिथे या रचनेने लोकांची फार मोठी सोय केली. तिला कमअस्सल म्हणणं मला पटत नाही. ती एका ठरावीक भारासाठी बांधली होती, इतकंच.

आता तो भार मांडून पाहू. हेडलाइट ३५ वॅट, हा एसीवर. डीसीवर टेललाइट ५ वॅट, ब्रेक लाइट २१ वॅट पण अधूनमधून, इंडिकेटरचे दोन दहा-दहा वॅटचे बल्ब तेही लुकलुकत, आणि हॉर्न क्षणभर. म्हणजे डीसीच्या वाट्याचं काम सरासरीने फारच थोडं. त्यात आपण दहा-दहा वॅटचे दोन फॉग लाइट घालतो आणि मोबाइल चार्जरचे साधारण १२ वॅट. एकूण ३२ वॅटची भर, आणि तीही सलग. सगळी पडते ती डीसीच्या अर्ध्या लाटेवर. दुसरी अर्धी लाट दिवसा, हेडलाइट बंद असताना, कोणाच्याच कामी येत नाही. (हेडलाइट सतत चालू ठेवण्याची सक्ती १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींना आहे, जुन्यांना बटण आहे.)

आता दुसऱ्या बाजूने पाहा. ३५ वॅटच्या हॅलोजनऐवजी १२ वॅटचा चांगला एलईडी बसवला तर २३ वॅट वाचतात. टेललाइट एलईडी केला तर आणखी चार. म्हणजे २७ वॅट मोकळे झाले, आणि आपल्याला हवेत ३२. मॅग्नेटोला हातही न लावता गरज जवळजवळ भागते! अडचण एकच : वाचलेल्या विजेतली बहुतेक वीज एसीच्या बाजूला अडकलेली आहे आणि फॉग लाइट डीसीवर आहेत. त्यातच बाजारातले बरेच एलईडी बल्ब एसीवर फडफडतात किंवा लवकर जातात. म्हणून एलईडी आणि फुल डीसी (लाटेचे दोन्ही अर्धे डीसी करणं) ही कामं जोडीनेच करायची. एक केलं आणि दुसरं सोडलं तर पैसे गेल्यासारखेच. इंडिकेटर एलईडी करण्याच्या मात्र मागे लागू नका. ते लागतातच किती वेळ! उलट फ्लॅशर बदलण्याचं काम वाढतं.

फुल डीसी म्हणजे कॉइलचं बॉडीला जोडलेलं टोक सोडवायचं, त्याला स्वतंत्र तार जोडून बाहेर आणायची आणि दोन्ही टोकं फुल-वेव्ह आरआर युनिटला द्यायची. मग लाटेचे दोन्ही अर्धे डीसी होऊन बॅटरीकडे येतात आणि हेडलाइटसकट सगळं बॅटरीवरून चालतं. ऐकायला एवढंच. खरं काम कॉइल प्लेटवर आहे आणि तिथे घाई चालत नाही.

मॅग्नेट काढायला पुलर हवा. हातोडीने ठोकून काढणारे मेस्त्री आहेत. त्यांच्याकडे गाडी देऊ नये. ठोकल्याने क्रँकच्या टोकाला आणि चुंबकांना इजा होते. मॅग्नेट निघाला की क्रँकवरची अर्धचंद्राच्या आकाराची लहानशी की जपून ठेवा, ती बऱ्याचदा चुंबकालाच चिकटून येते. मग कॉइल प्लेट बाहेर काढून उजेडात धरा. एक कॉइल कापडी टेपने गुंडाळलेली, केसासारख्या बारीक तारेची दिसेल. ती इग्निशनची. बाकीच्या जाड तारेच्या, त्या दिव्यांच्या आणि चार्जिंगच्या. आता लोखंडी गाभ्याच्या कडेला डाख दिलेली जागा शोधा. अनेक प्लेटांवर बारीक तारेचं टोक आणि जाड तारेचं टोक एकाच डाखाखाली असतं. त्यातलं फक्त जाड टोक सोडवायचं आहे. बारीक टोक जिथल्या तिथे अर्थला राहिलं पाहिजे, नाहीतर सीडीआयची वीज तुटेल आणि गाडी सुरूच होणार नाही. सोडवलेल्या टोकाला उष्णता सोसणारी तार जोडा, वर स्लीव्ह चढवा, आणि ती फिरत्या मॅग्नेटला घासणार नाही अशी बांधा.

प्लेट परत बसवण्याआधी मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन तपासण्या करा. जाड कॉइलची दोन टोकं एकमेकांशी वाजली पाहिजेत. त्यातलं एकही टोक गाभ्याशी वाजता कामा नये. वाजलं, तर कुठेतरी तारेवरचं इनॅमल सोललंय. तसंच बसवलं तर नवं युनिट बाद होईल. तारांच्या रंगांवर विसंबू नका. होंडाच्या वळणाच्या गाड्यांत अर्थ हिरवा, यामाहात काळा. शिवाय जुन्या गाडीत आधीच्या वायरमनने मिळेल त्या रंगाची तार जोडलेली असते.

जुनं आरआर युनिट इथे चालत नाही. दोन एसी तारा, एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशी रचना असलेलं सिंगल फेज फुल-वेव्ह युनिट घ्यायचं. तीन एसी तारांचं थ्री फेज युनिट मिळालं तर त्यातल्या दोनच जोडूनही काम होतं, पण काही युनिटं एकाच फेजवर नजर ठेवून व्होल्टेज आवरतात, तेव्हा मीटर लावून खात्री करावी. युनिट गरम होतं, कारण यातली बहुतेक शंट जातीची : मॅग्नेटो तयार करेल ती वीज अडवता येत नाही, म्हणून नको असलेली परत कॉइलमधून फिरवली जाते. त्यामुळे ते वारा लागेल अशा ठिकाणी, धातूला टेकवून बसवा. सीटखालच्या कोंदट जागेत प्लॅस्टिकला बांधलेली युनिटं मी बघतो तेव्हा वाईट वाटतं.

फुल डीसीची एक किंमत आहे आणि ती आधीच सांगायला हवी. आता हेडलाइट बॅटरीवर आहे. ३५ वॅटचा हॅलोजन तसाच ठेवला तर तो जवळपास तीन अँपिअर ओढतो. इंजिन बंद ठेवून दिवा चालू राहिला तर अडीच अँपिअर-अवरची बॅटरी तासाच्या आतच झोपते, आणि जुनी असेल तर त्याहून लवकर. म्हणून पाच अँपिअर-अवरची बॅटरी, जागा असेल तर, इथे जरूर बसवावी. घाटातल्या वळणावर इंजिन मंदावलं तरी दिवा मंद होत नाही, तो या बॅटरीमुळेच.

एवढं करूनही वीज कमी पडत असेल तर शेवटचा उपाय म्हणजे कॉइल नव्याने भरून घेणं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन ‘जास्त वेढे द्या, जास्त वीज हवी’ असं सांगणारे पुष्कळ. वेढे वाढवले तर कमी वेगातही पुरेसा व्होल्टेज मिळतो, हे खरं. पण वाढलेले वेढे वरच्या वेगात प्रवाहाला अडवतात, आणि एकूण करंट घटतो. जाड तारेचे कमी वेढे दिले तर हमरस्त्यावर करंट वाढतो, पण आयडलिंगला चार्जिंग पडतं. तुमची गाडी पुण्याच्या सिग्नलांवर जास्त असते की कोकणाच्या वाटेवर, हे वाइंडरला सांगता आलं पाहिजे. मॅग्नेटो ऑइलमध्ये बुडालेला असेल तर गरम ऑइल सोसणारं वार्निशही हवं.

बारा व्होल्टच्या अनेक कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये मात्र अल्टरनेटरमधून चार तारा येतात : दोन हेडलाइटच्या, दोन चार्जिंगच्या. तिथे टोक सोडवण्याचा खटाटोप लागत नाही, दोन्ही जोड्या डीसीकडे वळवता येतात. बुलेटवाल्यांचं काम त्यामुळे निम्मं झालं.

पुढच्या लेखांकात रिले, फ्यूज आणि तारेची जाडी घेऊ, कारण फॉग लाइटची तार हेडलाइटच्या तारेला सोलून गुंडाळण्याची पद्धत बंद व्हायला हवी. तोवर वाचकांनी आपल्या गाडीची तीन मापं घेऊन ठेवावीत. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा व्होल्टेज, जो साडेबाराच्या वर हवा. आयडलिंगला, सगळे दिवे लावून. आणि रेस देऊन चार हजारांच्या आसपास, सगळे दिवे लावून, इथे १३.५ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक आहे, १५च्या वर गेलं तर आरआर युनिट बाद आहे आणि कोणताही नवा दिवा लावण्याआधी ते बदलायचं. टॅकोमीटर नसेल तर टॉप गिअरमध्ये पन्नासला इंजिनाचा जसा आवाज असतो तितकी रेस द्या. हे आकडे कागदावर लिहून टूलकिटच्या डब्यात ठेवा, पुढच्या कामात लागतील.