चढणीचे हप्ते

सिंहगडाच्या पायथ्याशी गोळेवाडीपासून आठ-नऊ किलोमीटरांची घाटवाट आहे आणि तेवढ्यात सुमारे 600 मीटर चढायचं असतं. बँकेत आयुष्य गेल्यामुळे आकडे दिसले की हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. माझं वजन 70 किलो, सायकल आणि पाणी मिळून 15. हे 85 किलोंचं ओझं विशीतल्या पोराने वर नेलं काय किंवा पासष्टीतल्या मी नेलं काय, काम तेवढंच. मुद्दल बदलत नाही, मुदत बदलते. तो पाऊण तासात फेडतो, मला दीड तास लागतो. पण दर मिनिटाला माझ्या छातीवर पडणारा भार त्याच्या निम्म्यावर येतो.

गिअर म्हणजे हप्ते बांधून घेण्याचीच सोय. आमच्या तरुणपणीच्या काळ्या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दात असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात ती पाच मीटरांहून जास्त पळे. आता डोंगरी सायकलीवर पुढे 22, मागे 34 लावले की जेमतेम सव्वा मीटर. तरुण मंडळी हसतात. हसोत बापडी! 'टूर द फ्रान्स' सुरू करणाऱ्या आँरी देग्रांज यांनी 1902 सालीच लिहून ठेवलंय की गिअर हवेत ते पंचेचाळिशी उलटलेल्यांना. त्यांच्या शर्यतीत साखळी सरकवून गिअर बदलणारं यंत्र सर्वांना वापरता आलं ते 1937मध्ये. तोवर बिचारे स्पर्धक चढणीखाली उतरून मागचं चाक काढून उलटं बसवत. याउलट सेंट-एतियेनचे पॉल द व्हिव्ही ऊर्फ व्हेलोसिओ (1853–1930) यांनी गिअरचा पुरस्कार केला आणि म्हातारपणीही डोंगर सोडले नाहीत. निव्वळ अहंकारापोटी पेडल मारू नये, असंही ते सांगत.

हे सांगणं मला घाटातल्या खडीवर पटतं. पावसाळ्यानंतर डांबर उखडलेलं असतं, वळणावर मुरूम वाहून आलेला असतो. तिथे उभं राहून जोर लावला की अंगाचं वजन पुढे जातं आणि मागचं चाक जागच्या जागी फिरतं. फार मागे रेललं तर पुढचं चाक उचलतं. म्हणून सीटच्या टोकावर बसायचं, कोपरं वाकवायची, हवा थोडी कमी ठेवायची. ताशी चार-पाच किलोमीटरच्या खाली वेग गेला की तोल राहत नाही. तेव्हा उतरून सायकल ढकलावी. मागून कोणी 'काका, दमलात?' म्हणालं, तर खुशाल हो म्हणावं. छातीत दडपण वाटलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र ढकलायचंही नाही. सावलीत बसायचं आणि मदत मागायची.

वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं. सगळ्यांना वाटतं, झालं. माझ्या मते खरी परीक्षा त्यानंतर असते. चढताना पडलो तर गुडघा खरचटतो. उतरताना पडलो तर या वयात खुब्याचं हाड जातं, आणि मग सायकलच काय, काठीवाचून चालणंही अवघड. ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते, मनगटं बधिर होतात. दोन-चार वळणांनी थांबायचं, हात झटकायचे, खडी बघून पुढे निघायचं.

सौ.ला वर पोचल्याचा फोन नको असतो. 'गोळेवाडीला आलात की करा,' म्हणते.